मुरुमची गणकशाळा

मुरुमच्या बाजारपेठेत नंदीश स्वामीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची बायको, गायत्री, शिवणक्लास चालवते. नंदीश माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणून त्या माझ्या वहिनी. मी विरुपाक्ष. लग्नकार्याला मंडप आणि साउंड पुरवायचा माझा धंदा. वहिनींच्या नाटकाचा साउंड पहिल्या दिवसापासून माझ्याकडंच होता, त्यामुळं पुढं जे सांगणार आहे ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

वहिनींचं माहेर सीमेपलीकडचं. घरात कन्नड, शाळा मराठी. मुरुमला आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते वाचनालयात नाव घालायचं. कादंबऱ्या त्या वाचत, पण जीव होता तो विज्ञानकथांवर. त्या कथांचा तिथं एकच कप्पा होता, तो त्यांनी पुन्हा पुन्हा वाचून काढला. वाचून गप्प बसायचा मात्र स्वभाव नाही. संध्याकाळी मी नंदीशच्या दुकानावर चहाला बसलो की वहिनी जिन्यावरून खाली येत आणि त्या कथांवर नाराजी काढत.

"विरुभाऊ, ह्या सगळ्या गोष्टींत एकच होतं. विचार करणारं यंत्र असतं, ते माणसांवर उलटतं, मग माणसं ते बंद करतात आणि गोष्ट संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं कसं चालतं? हिशोब कोण करतं? विमान कोण वळवतं? त्याबद्दल एक ओळ न्हाय."

"तुमीच लिहा मग," मी म्हटलं. मी ते सहज म्हटलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक गंमत झाली. एक नवरी मुलगी लग्नातल्या ब्लाउजचं चित्र घेऊन क्लासवर आली. चित्र फोनमधल्या त्या नव्या यंत्राकडून काढून घेतलेलं, जे मागाल ते बनवून देतं. चित्र देखणं होतं. वहिनींनी ते मोठं करून पाहिलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, हे अंगात घालायचं कुठून? पाठीला उघडं न्हाय, पुढं हुक न्हाय, गळा तर मनगट जाईल एवढाच." ती मुलगीही हसायला लागली. दोघींनी मिळून त्या चित्रातली बाही तेवढी ठेवली आणि बाकीचं नव्यानं ठरवलं. ब्लाउज चांगला झाला. पण वहिनींच्या डोक्यातून ती गोष्ट गेली नाही. हे घालता येणार नाही असं म्हणणारं माणूसच उद्या शिल्लक राहिलं नाही तर काय, असं त्या मला विचारत होत्या. मी म्हटलं, तसं कसं होईल. त्या म्हणाल्या, "झालंय असं धरून चालू. मग परत शिकायला किती कष्ट पडतील, ते बघायचंय मला."

त्यातून त्यांनी एकांकिका लिहिली. नाव 'गणकशाळा'.

गोष्ट अशी. माणसांचं एक मोठं जहाज दूरच्या ताऱ्याकडं निघालेलं आहे. प्रवास इतका लांब की निघाली ती माणसं पोचणार नाहीत, अनेक पिढ्यांनंतरची त्यांची वंशजं पोचतील. सुरुवातीला जहाजावर विचार करणारी यंत्रं होती. हळूहळू कुणी काय खायचं, कुणी कुणाशी लग्न करायचं, सगळं तीच ठरवायला लागली आणि माणसांना आपल्या जहाजाची दिशासुद्धा सांगता येईना. तेव्हा पूर्वजांनी ती यंत्रं एका खोलीत कोंडून खोलीला सील लावलं. तेव्हापासून जहाजाची दिशा माणसं ठरवतात. त्यासाठी गणकशाळा आहे. तिथं एक मोठा हिशोब लहान लहान तुकड्यांत वाटून घेतात. एक बाई फक्त गुणते, दुसरी बेरीज करते, तिसरी उत्तर तपासते. अशा बायका मिळून एक यंत्र होतं. त्यांनी आकडा दिल्याशिवाय जहाज वळत नाही.

नंदीशला त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा मी तिथंच होतो. तो हातातला फोन उघडून बसला होता. म्हणाला, "मी यंत्रं दुरुस्त करून घर चालवतोय, आन् तू खाली ग्राहक बसल्याला असताना वर यंत्रं कोंडायला निघालीस."

"तुझ्या दुकानाला काय व्हत न्हाय," वहिनी म्हणाल्या. "हे पुढल्या शेकडो वर्षांचं आहे."

"मग चालू दे," तो म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

नट शोधायला त्यांना जिना उतरावा लागला नाही. क्लासमधल्याच बायका घेतल्या. अंगणवाडीत काम करणारी दीपमाला आणि तिच्या शेजारी बसणारी आणखी एकजण गुणाकाराला. निकिता बेरजेला. ही बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन नुकतीच गावात आलेली, बोलायला चटपटीत. तपासणीला शेजारच्या शांताक्का, किराणा दुकानवाल्यांच्या घरातल्या, साठीच्या पुढच्या. त्या शिवण शिकायला येतच नव्हत्या, दुपारी करमत नाही म्हणून येऊन बसायच्या. जहाजाची कप्तान वहिनी स्वतः.

नेपथ्य म्हणून शिलाई मशीनच मांडायची ठरली. मशीनचं डोकं आत दुमडलं की वर सपाट फळी राहते, त्याच फळ्या गणकांची मेजं. निकितानं लगेच हरकत घेतली.

"ताई, जहाजावर यंत्रांना बंदी आहे ना? मग हे काय आहे?"

"हे विचार करत न्हाय," वहिनी म्हणाल्या. "पाय मारला तर शिवतं, न्हाय मारला तर गप बसतं. बंदी विचार करणाऱ्यांना आहे."

तालमी दुपारी व्हायच्या. पहिल्या काही तालमींत सगळे आकडे पाठ होते. दीपमाला ठरलेला आकडा म्हणायची, निकिता ठरलेली बेरीज सांगायची, शांताक्का "बरोबर" म्हणायच्या आणि मी जहाजाचा घरघराट मोठा करायचो. तो घरघराट आमच्या जनरेटरचाच होता, मी टेप करून जरा जाड केलेला. सगळं वेळेत बसायचं. फक्त शांताक्का दरवेळी अडखळायच्या. एकदा त्या फळीवर हात ठेवून थांबल्या.

"गायत्री, हे आसलं पाठ म्हणणं माझ्यानं व्हत न्हाय. ह्या पोरींनी काय केलंय ते म्या बघितलंच न्हाय, आन् बरोबर हाय म्हणू कसं? मला खरं करायला लाव. खरं करताना म्या आडखळत न्हाय."

"आक्का, खरं करायचं म्हणजे प्रयोगात चुकायची भीती आहे."

"मग मला कशाला ठिवलंय? चुकणारच न्हाय तर तपासायला बाई कशाला?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी संहितेतले आकडे खोडून टाकले. नवीन नियम असा, की समोर बसलेल्या लोकांनी दोन आकडे द्यायचे. एक प्रवासाचे तास म्हणून, एक वेग म्हणून. त्यांचा गुणाकार गणकांनी तिथंच, तोंडी करायचा. आवाज सर्वांना ऐकू गेला पाहिजे.

मग तालमीचं रूपच बदललं. दुपारभर वरच्या मजल्यावरून पाढे ऐकू यायला लागले, कधी मराठीतून, कधी कन्नडमधून. शांताक्कांनी शाळेत शिकलेला नवाचा ताळा सगळ्यांना शिकवला. आकड्यातले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. दिलेल्या दोन आकड्यांचे असे अंक गुणून जे येईल तेच उत्तराच्या अंकांतून यायला पाहिजे. आलं नाही तर कुठंतरी चूक आहे. निकिताला हे माहीत होतं, पण ते असं मांडीवर बोटं आपटत, गाण्याच्या ठेक्यात करता येतं हे तिनं पाहिलं नव्हतं. शिवायला आलेल्या बायकाही कापड बाजूला ठेवून ऐकत बसायच्या. खाली नंदीशच्या दुकानात बिल करताना कुणी फोन काढला की वरून एखादी उत्तर सांगून मोकळी व्हायची. नंदीशला त्याची लाज नाही, अभिमानच वाटायला लागला होता. गिऱ्हाइकांना तो म्हणायचा, "वर आमची शाळा हाय."

थंडीच्या दिवसांत धाराशिवला एका मंडळाची जिल्ह्यापुरती एकांकिका स्पर्धा होती. मशीन माझ्याच टेम्पोतून नेली. आमचा प्रयोग दुपारी होता. हॉल बऱ्यापैकी भरला होता. समोर परीक्षक बसलेले, त्यांतले कृष्णराज पाटील हे मोठे. अनेक वर्षं नाटकं बसवलेली, तोंडावर काही दिसू न देणारे.

पडदा उघडला. वहिनी कप्तानाच्या पोशाखात पुढं आल्या. पोशाख अर्थात घरीच शिवलेला, गडद निळा, खांद्यावर साडीच्या काठाची पट्टी. त्यांनी लोकांना जहाजाचा नियम सांगितला आणि आकडे मागितले. मागून एकजण म्हणाला चारशे सत्त्याऐंशी. बाजूच्या बाई म्हणाल्या चौसष्ट.

दीपमालानं साठानं गुणलं आणि खणखणीत सांगितलं, एकोणतीस हजार दोनशे वीस. तिच्या शेजारणीनं चारानं गुणलं, एक हजार नऊशे अठ्ठेचाळीस. निकितानं दोन्ही मिळवले आणि म्हणाली, "तीस हजार एकशे अडुसष्ट."

माझं बोट बटणावर होतं. आता शांताक्का "बरोबर" म्हणणार, वहिनी "जहाज वळवा" म्हणणार आणि मी घरघराट वाढवणार. शांताक्कांची बोटं मांडीवर हलली, थांबली, परत हलली. मग त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"निल्ल्री," त्या म्हणाल्या. "तप्प आग्याद."

घाईत त्यांच्या तोंडून कन्नड निघालं होतं. थांबा, चूक झालीय. हॉलमधल्या निम्म्या लोकांना शब्द कळले नसतील, पण त्यांचा पंजा समोर आडवा धरलेला होता आणि तो सगळ्यांना कळला. हे नाटकात नव्हतं. मी विंगेजवळ बसलेलो, वहिनींचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. क्षणभर त्या गायत्रीवहिनी होत्या, घाबरलेल्या. लगेच त्या कप्तान झाल्या.

"जहाज वळवू नका," त्या म्हणाल्या. "इंजिन बंद."

हे वाक्य माझ्यासाठी होतं असं मी धरलं आणि घरघराट पूर्ण खाली आणला. एवढा वेळ मागं चाललेला आवाज गेल्यावर हॉल एकदम रिकामा झाल्यासारखा वाटला. लोकांनी खुर्चीत पाठ सरळ केली.

निकिताचा चेहरा पडला होता. ती बेरीज पुन्हा करायला लागली, पण मनातल्या मनात. वहिनी तिला म्हणाल्या, "मोठ्यानं कर. सगळ्यांना ऐकू दे." ती एकमापासून मोठ्यानं करायला लागली. तेवढ्यात मधल्या रांगेतला एकजण फोन हातात घेऊन उठला आणि मदत म्हणून उत्तर ओरडला. एकतीस हजार एकशे अडुसष्ट. त्याचा हेतू वाईट नव्हता. बायका अडल्यात असं त्याला वाटलं होतं. दोनचार लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

निकितानं मान वर करून वहिनींकडं पाहिलं. आता तो आकडा म्हणून टाकला असता तर नाटक तिथून पुढं सरकलं असतं.

वहिनी रंगमंचाच्या कडेपर्यंत आल्या. "बाहेरून आवाज येतोय," त्या गणकांना म्हणाल्या. "तो कुणाचा आहे आपल्याला माहीत नाही. तो आकडा कुणी घ्यायचा नाही."

तो माणूस खाली बसला. निकितानं पुन्हा सुरू केलं. दोन आणि नऊ अकरा, हातचा एक. नऊ आणि एक दहा, आणि इथं ती थांबली. "हातचा घेतला नव्हता मी," ती म्हणाली. ते ती शांताक्कांकडं बघून म्हणाली, सुनेनं सासूला सांगावं तसं नाही, बरोबरीच्या बाईला सांगावं तसं. "अकरा. पुन्हा हातचा एक. एकतीस हजार एकशे अडुसष्ट."

शांताक्का बसल्या. बोटं हलली. अंक मिळवून एक उरला, आणि दिलेल्या आकड्यांचाही एकच होता.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

"जहाज वळवा," वहिनी म्हणाल्या, आणि मी जेवढा चढेल तेवढा आवाज चढवला.

नाटक नेमून दिलेल्या वेळेपेक्षा लांबलं. नियमाप्रमाणं त्याचे गुण गेले आणि आमचा नंबर आला नाही. निकाल लागल्यावर कृष्णराज पाटील आपणहून आमच्याकडं आले. चूक ठरवून केली होती का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. खरी होती म्हटल्यावर ते हसले. मग म्हणाले, "मग त्या फोनवाल्याचा आकडा घ्यायचा होता. वेळ वाचला असता, नंबर लागला असता. आकडा बरोबरच होता."

"सर, त्या जहाजावर तो कुठून येणार?" वहिनी म्हणाल्या. "लोकांना मी सुरुवातीला सांगितलं की इथं माणसंच हिशोब करतात. अडचण आल्यावर मीच ते मोडलं तर पुढलं काही त्यांनी खरं का मानावं?"

पाटलांनी त्यावर वाद घातला नाही. मात्र कप्तानानं कडेपर्यंत यायला नको होतं, जागेवरून बोलली असती तर जास्त परिणाम झाला असता, असं त्यांनी सांगितलं. वहिनींनी ते मानलं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत त्या जागेवरूनच बोलल्या.

पुढचे प्रयोग झाले, ते त्या हॉलमध्ये बसलेल्या लोकांमुळं. तामलवाडीच्या एका मास्तरांनी शाळेत बोलावलं. तिथून तोंडातोंडी बातमी गेली. प्रत्येक गावात आकडे वेगळे यायचे, चुका वेगळ्या व्हायच्या, आणि काही ठिकाणी एकही चूक व्हायची नाही. चूक झाली नाही की लोक थोडे नाराज व्हायचे, असं दीपमालाचं म्हणणं. नंदीश जमेल तेव्हा दुकान लवकर बंद करून यायचा आणि प्रयोगाआधी लोकांचे फोन बंद करायला लावायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं होतं. मोबाइलवालाच फोन बंद करायला सांगतोय म्हटल्यावर लोक हसत आणि ऐकत.

माकणीला धरणाच्या बाजूला एका मैदानात प्रयोग झाला. तो उत्तम झाला. परत येताना टेम्पोत सगळ्या गात होत्या, निकिता तेवढी गप्प. वहिनींनी विचारलं तेव्हा ती बोलली.

"ताई, राग मानू नका. मी आज तिथं बसल्या बसल्या विचार केला. माझ्याजागी त्या जहाजावरची खरी मुलगी असती तर? जन्मली, मोठी झाली, आयुष्यभर फक्त बेरीज. तिची आईही तेच, तिची मुलगीही तेच. ताऱ्यावर पोचणार न्हाय ते न्हायच. आपण यंत्र कोंडलं आणि माणसाचं यंत्र केलं. मी ती मुलगी असते तर एक दिवस ते सील फोडलं असतं."

टेम्पोत गाणं थांबलं. शांताक्का म्हणाल्या, "आन् मग? यंत्र परत सगळं ठरवील की."

"ठरवील कदाचित," निकिता म्हणाली. "पण त्या मुलीला विचारलं तरी पाहिजे ना कुणीतरी."

मला वाटलं, वहिनी आता तिला समजावतील. त्यांना बोलण्यात हरवणं सोपं नाही. पण त्या खूश दिसल्या. जिन्यावरून खाली येऊन वहिनी त्या कथांवर चिडायच्या तेव्हा त्यांना कुणीतरी असंच पलटून बोलायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

"मला हे सुचलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझं सगळं लक्ष हिशोब बरोबर येण्याकडं. तू म्हणतेस ते नाटक अजून कुणी लिहिलेलं न्हाय. लिही."

"मी?"

"मग कोण? मला ती मुलगी दिसत न्हाय. तुला दिसतीय."

"मला लिहायला येत न्हाय ताई."

"मला कुठं येत होतं?"

निकितानं आधी टाळलं. मग तिनं क्लासमध्ये शिवण बाजूला ठेवून लिहायला सुरुवात केली, आणि वहिनींनी तिची शिवायची कामं आपल्याकडं घेतली. लिहिलेलं ती कुणालाच दाखवायची नाही. वहिनींनीही विचारलं नाही, हे मला विशेष वाटलं, कारण त्यांना राहवत नसणार. पाडव्यानंतर तिनं वाचन केलं. त्यात त्या मुलीचं नाव रेवा. ती सील फोडायच्या आधी रोज एकेका गणकाला जाऊन विचारते, तुला हे काम आवडतं का. काहीजणी व्हय म्हणतात, आणि तेही खरं असतं. शांताक्कांच्या वाट्याला त्यातली एक आली. आपल्याला तपासायचं काम आवडतं, सकाळी उठल्यावर त्याचीच ओढ लागते, असं ती रेवाला सांगते. शांताक्कांनी ते वाक्य पहिल्याच वाचनात न अडखळता म्हटलं.

रेवा सील फोडते की नाही, हे निकितानं अजून ठरवलेलं नाही. दोन्ही शेवट लिहून ठेवलेत. कुठला घ्यायचा यावर वरच्या मजल्यावर रोज वाद चालतो. दीपमाला म्हणते फोडलंच पाहिजे. नंदीशचंही तेच मत आहे, पण त्याच्या धंद्यामुळं त्याचं मत कुणी धरत नाही. मी कुठल्याच बाजूनं नाही. मला दोन्ही शेवटांना वेगळा आवाज करावा लागणार आहे, त्याच्या तयारीत आहे.

काल तालमीला गेलो तेव्हा निकिता समोर खुर्ची टाकून बसली होती आणि वहिनी मशीनच्या फळीमागं उभ्या होत्या. या नाटकात त्यांना म्हाताऱ्या गणकाचं छोटं काम आहे. त्या एक वाक्य बोलल्या. निकितानं मान हलवली.

"न्हाय ताई. तुम्ही अजून कप्तानच आहात. ही बाई कुणाला हुकूम देत न्हाय. परत घ्या."

वहिनींनी पदर खोचला, एक पाऊल मागं सरकल्या आणि परत घेतलं.